सानुल्लिमचा पहिला अल्बम : तो आवाज आला कुठून?

प्रश्न थोडक्यात असा : चौघांचा बँड आहे, पहिला अल्बम करायचा बेत आहे, आणि मध्येच कुणीतरी सानुल्लिम या कोरियन बँडची 1977 सालची पहिली रेकॉर्ड ऐकवली. तेव्हापासून डोक्यात तोच आवाज बसलाय. गिटारचा तो फाटका, चिरका सूर कुठल्या पेडलचा, म्हणजे सूर बदलणाऱ्या पायाजवळच्या डबीचा? सगळं इतकं कच्चं मुद्दाम ठेवलंय का? आणि आपल्यालाही तसंच हवं असेल तर स्टुडिओ किती दिवसांसाठी घ्यावा?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. स्टुडिओ कमी दिवस घ्या आणि उरलेले पैसे तालमीच्या खोलीत घाला. पेडलचं पुढे सांगतो, पण पेडल हा त्या अल्बमच्या गोष्टीतला शेवटचा भाग आहे. मी टेपच्या काळापासून मुंबईत रेकॉर्डिंग करतोय. आवाज आवडला म्हणून लोक यंत्राची चौकशी करतात, हे रोजचंच. या अल्बमच्या बाबतीत यंत्राच्या आधी घराची चौकशी करायला हवी, कारण तो अल्बम घरात तयार झाला. स्टुडिओत त्याची फक्त नोंद झाली.

सानुल्लिम म्हणजे तीन सख्खे भाऊ. थोरला किम चांग-वान, जन्म 1954 चा. गिटार आणि गाणं त्याचं. मधला चांग-हुन, 1956 चा, बासवर. धाकटा चांग-इक, 1958 चा, ड्रमवर. थोरल्याने राजधानी सोलच्या राष्ट्रीय विद्यापीठात शिक्षण घेतलं ते रेशीमशेतीचं. मधला त्याच विद्यापीठाच्या कृषी महाविद्यालयात अन्नप्रक्रिया शिकत होता. संगीताची पदवी, उस्ताद, क्लबातली नोकरी, यातलं काही नाही. कोरियन मालिका बघणाऱ्यांनी थोरल्याला पाहिलेलं असणार : ‘इट्स ओके टू नॉट बी ओके’मध्ये मनोरुग्णालयाचा तो मिश्कील, पांढऱ्या केसांचा संचालक आठवतो का? तोच हा माणूस. आपल्याकडे अनेकांना तो नट म्हणूनच माहीत आहे. कोरियात मात्र तो आधी सानुल्लिमचा चांग-वान, मग बाकी सगळं.

ही मुलं घरी बसून गाणी रचत होती त्या काळात सोलमध्ये काय चाललं होतं, ते समजल्याशिवाय हा अल्बम नीट ऐकू येत नाही. त्याआधीच्या कोरियन रॉकची सगळी पिढी अमेरिकन लष्कराच्या तळांवर घडली होती. कोरियन युद्धानंतर आठव्या आर्मीच्या छावण्यांमध्ये करमणुकीसाठी स्थानिक वादक लागायचे. त्यासाठी ऑडिशन व्हायची, तिच्यावर दर्जा ठरायचा आणि दर्जावर बिदागी. समोर बसलेल्या अमेरिकन शिपायाला त्याच्या घरच्या रेडिओवर वाजतं तसंच हुबेहूब ऐकायचं असे. त्यामुळे या वादकांचे हात तयार होते, सूर पक्का होता, नक्कल चोख होती. त्यांच्यातला सगळ्यात मोठा शिन जुंग-ह्यन. कोरियन रॉकचा बाप म्हणतात त्याला, आणि ते काही उगाच नाही.

मग 1975 उजाडलं. राष्ट्राध्यक्ष पार्क चुंग-ही यांच्या सरकारने मे महिन्यात नववा आणीबाणी हुकूम काढला. पाठोपाठ गाण्यांच्या बंदीच्या याद्या निघाल्या. शेकडो गाणी एका फटक्यात गेली, कारणं कधी ‘निराशावादी’, कधी ‘अश्लील’, कधी ‘परदेशी वळणाचं’. वर्षाअखेरीस गांजाच्या प्रकरणात गायक-वादकांची धरपकड झाली. शिन जुंग-ह्यन त्यात सापडला आणि 1979 च्या ऑक्टोबरात पार्क यांची हत्या होईपर्यंत त्याला मंचही नव्हता आणि रेकॉर्डही नव्हती. आपल्याकडेही तेव्हा आणीबाणी होती, ती एकवीस महिन्यांत उठली. तिकडची लांबली.

परिणाम असा झाला की तयार हातांची ती सगळी पिढी बाजूला पडली. बाजारात ट्रॉट होतं, म्हणजे त्यांचं आळवून, गळा हलवून गायचं लोकप्रिय गाणं, आणि जोडीला गोडगोड पॉप. रॉकची जागा रिकामी होती. त्या रिकाम्या जागेत शिरायला एकच वाट सरकारला खपत होती : कॉलेजची मुलं. विद्यार्थी म्हणजे स्वच्छ, हौशी, निरुपद्रवी अशी समजूत. एमबीसी या वाहिनीने 3 सप्टेंबर 1977 ला पहिली महाविद्यालयीन गीतस्पर्धा घेतली ती याच वातावरणात.

या स्पर्धेचा किस्सा सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. तिघे भाऊ ‘मुई’ नावाने प्राथमिक फेरीत उतरले. गाणं होतं ‘दार उघड ना जरा’ अशा अर्थाचं. फेरीत ते पहिले आले, आणि तिथेच बाद झाले, कारण थोरला तोवर पदवीधर झाला होता आणि स्पर्धा विद्यार्थ्यांची. पण त्याच स्पर्धेत कृषी महाविद्यालयाचा सँड पेबल्स हा बँडही होता. मधला भाऊ त्या बँडच्या आधीच्या फळीतला. त्याने लिहिलेलं ‘ना ऑत्तॉखे’ म्हणजे ‘मी करू तरी काय’ हे गाणं त्यांनी गायलं आणि पहिलं बक्षीस नेलं. म्हणजे घरातलं एक गाणं दारातून परत आलं आणि दुसऱ्याने स्पर्धा मारली. त्या एका निकालाने कोरियात कॉलेज-बँडची लाटच आली.

तर आता तुम्ही विचारलेल्या अल्बमकडे. स्पर्धा हुकली, थोरला नोकरीच्या वयाला आलेला. वर्षानुवर्षं घरात साठलेली गाणी एकदा तबकडीवर उतरवून ठेवू, आठवण राहील, असा त्यांचा हिशोब होता. सोराबल रेकॉर्ड्सने ती काढायचं ठरवलं. ‘मुई’ हे नाव कंपनीला पसंत पडलं नाही, त्याचं ‘सानुल्लिम’, म्हणजे डोंगरातला पडसाद, असं झालं. 15 डिसेंबर 1977 ला रेकॉर्ड बाजारात आली. तेव्हा थोरला तेवीस वर्षांचा, धाकटा एकोणिसाचा. मुखपृष्ठावरचं लहान मुलाने काढल्यासारखं चित्रही थोरल्यानेच काढलेलं. आठवण म्हणून काढलेली ती रेकॉर्ड हातोहात खपली. पाच महिन्यांत दुसरी आली, 1978 संपायच्या आत तिसरीही.

एका वर्षात तीन अल्बम! नव्या बँडला हे जमत नाही. पहिल्याच अल्बममध्ये आयुष्यभराची गाणी संपतात आणि दुसऱ्याला हात रिकामे असतात, हे मी किती बँडच्या बाबतीत पाहिलंय. यांचं तसं झालं नाही, कारण स्टुडिओचं दार बघायच्या आधीच कोठार भरलेलं होतं. ती गाणी कुणाला ऐकवायची म्हणून लिहिलेली नव्हती. संध्याकाळी घरी तिघांनी वाजवायची म्हणून लिहिली होती. एकच खोली, तेच तिघे, रोज. त्यातून जो ठेका बसतो तो पैसे देऊन मिळत नाही.

आता हेडफोन लावा आणि पहिलं गाणं ऐका : ‘आनी बॉल्सॉ’. ‘अरे, एवढ्यात?’ असा उद्गार आहे तो. एवढ्यात सूर्य उगवलाही, खिडकीबाहेर उजाडलंही, असा साधा मजकूर. बासच्या एका छोट्या, फिरत राहणाऱ्या ओळीवर गाणं उभं आहे. बास इथे पाया भरत नाही, तो चालच वाजवतो. ड्रमवाला त्याच्याशी जोडून आहे, पण घड्याळासारखा नाही. गाणं पुढे सरकतं तसा तो किंचित पुढे झुकतो आणि बास त्याच्याबरोबर जातो. आजच्या सॉफ्टवेअरमध्ये हे टाकलं तर प्रत्येक ठोका ग्रिडच्या, म्हणजे तालाच्या आखीव रेघांच्या, अलीकडे-पलीकडे दिसेल आणि कुणीतरी लगेच सगळे ठोके ‘सरळ’ करायला घेईल. मग गाणं मेलंच. दोन भाऊ एकाच वेळी चुकतात तेव्हा ऐकणाऱ्याला ती चूक वाटत नाही, तीच लय वाटते. असं एकत्र वाहणं एकेकट्याने मेट्रोनोमच्या यांत्रिक ठोक्यावर वाजवून, तुकडे जोडून होत नाही.

मग गिटार. होय, फझ आहे, म्हणजे सूर मुद्दाम फाटका करणारं पेडल. फझमध्ये सिग्नल इतका वाढवतात की लाटेचा माथा आणि तळ कापला जातो. गोल लाट चौकोनी होते. याचे दोन परिणाम. एक, सूर लांबतो, विरत नाही. दोन, बोट हळू मारलं काय किंवा जोरात, आवाज जवळपास तेवढाच येतो. तिसरीही एक गोष्ट होते आणि बहुतेक गिटारवाले तिथेच फसतात. दोन-तीन तारा एकदम छेडल्या की फझ त्यांच्या बेरजा-वजाबाक्या करून नको ते सूर बाहेर काढतं. षड्ज-पंचमाची जोडी त्यातून तरते, कारण तिथून निघणारे जादा सूरही त्याच कुटुंबातले असतात. पण मध्ये गंधार घातला की कॉर्ड, म्हणजे एकत्र छेडलेल्या सुरांचा तो गुच्छ, गढूळ झाली. पेटीवर नुसता सा-प धरा आणि मग त्यात ग मिळवा. पेटीवर तो गोडच लागतो. तेच फझमधून करून पाहा, कळेल मी काय म्हणतोय ते.

म्हणून फझ वापरायचं तर बांधणीच बदलावी लागते. गिटारने एकेरी ओळ वाजवायची, कॉर्ड दुसऱ्या कुणीतरी सांभाळायची. या अल्बममध्ये ते काम ऑर्गन करतो. जुन्या कॉम्बो ऑर्गनचा आवाज पातळ, नाकातला, दाबून ठेवाल तोवर तेवढाच. खाली बासची ओळ, मध्ये ऑर्गनची चादर, वर फझची एकच रेघ. तुम्हाला जो ‘सानुल्लिमचा आवाज’ वाटतोय तो या वाटणीतून आलाय. तुमच्या बँडमध्ये दोन गिटार आहेत असं तुम्ही लिहिलंय. दोघांनी फझ लावून कॉर्ड मारल्या तर जगातलं महागातलं महाग पेडल आणलं तरी चिखलच होणार. एका गिटारवाल्याला सांगा, या अल्बमपुरता तू ऑर्गनवर बस. रुसेल थोडा. बसू दे.

पेडलचं नाव विचारलंत म्हणून एवढंच : साध्या दोन ट्रान्झिस्टरच्या जुन्या बनावटीचं कुठलंही फझ घ्या, लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून घरीही जोडता येतं. ते गिटारच्या लगेच पुढे लावा, मध्ये ट्यूनर वगैरे नको, कारण या जुन्या सर्किटला पिकअपशी थेट नातं लागतं. गिटारचा व्हॉल्यूम पूर्ण उघडा ठेवू नका. थोडा मागे घेतला की फझची धार राहते आणि शब्द ऐकू येतात. सगळ्यात महत्त्वाचं, अ‍ॅम्प लहान घ्या. मोठ्या अ‍ॅम्पवर फझ भारदस्त होतं. या रेकॉर्डवरचं फझ भारदस्त मुळीच नाही, ते रागावलेल्या माशीसारखं आहे, आणि ती माशीच तुम्हाला हवी आहे.

फझ आणि ऑर्गन हे दोघेही विरणारे सूर नव्हेत, त्यामुळे मधला पट्टा कायम भरलेला राहतो. अशा वेळी ड्रम लहान वाटतात. या अल्बममधले ड्रम लहानच आहेत. आज कुणी मिक्स करायला बसला तर पहिल्यांदा ड्रम फुगवेल, किकला, म्हणजे पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमला, पोट देईल. फुगवू नका. किकला एक माइक, डोक्यावर एक किंवा दोन, स्नेअरला, म्हणजे समोरच्या कडक आवाजाच्या ड्रमला, हवा तर एक. बाकी खोली जे देईल ते. आवाज एकमेकांच्या माइकमध्ये शिरतील, शिरू द्या. त्या शिरण्यातूनच सगळे एका खोलीत आहेत असं ऐकणाऱ्याला वाटतं.

आवाजाबद्दल जरा जास्त बोलतो, कारण तिथे मराठी मुलांचा घोळ होतो. चांग-वान गातो तसं तेव्हा कोरियात कुणी गात नव्हतं. ट्रॉटमध्ये गळा वळवायचा, सूर मोडून जोडायचा. शिन जुंग-ह्यनने घडवलेल्या गायिका अमेरिकन ‘सोल’ (soul, शहर नव्हे) संगीताच्या वळणाने पोटातून उसळून गायच्या. हा मुलगा मात्र शेजारच्या खोलीतून काहीतरी सांगितल्यासारखा गातो. कंप नाही, हरकत नाही, शेवटचा शब्द लांबवणं नाही. सूर कुठे कुठे खाली बसतो, तो तसाच ठेवलाय. ‘बहुधा उन्हाळा संपत आला असेल तेव्हा’ अशा अर्थाचं दुसरं गाणं ऐका. आठवण सांगणारा माणूस जेवढा भावूक होतो तेवढासुद्धा तो होत नाही. खालून ऑर्गन सगळं धुकं करतो, म्हणून आवाजाला काही करावं लागत नाही.

आपल्याकडे गाणारा मुलगा लहानपणी कुठेतरी शिकलेला असतो, सुगम संगीताच्या स्पर्धा केलेल्या असतात. माइकसमोर आला की मींड येते, मुरकी येते, ओळीच्या शेवटी भाव येतो. ते वाईट आहे असं माझं म्हणणं नाही, ती एक वेगळी विद्या आहे. पण फझच्या रेघेवर मुरकी घेतली की दोन नक्षी एकमेकींवर पडतात. मागे एक बँड आला होता, नाव राहू दे. गायक उत्तम, बाजू भक्कम, गाणं काही केल्या बसेना. शेवटी त्याला म्हटलं, बाबा रे, खुर्चीत बस, शब्दांचा कागद मांडीवर घे आणि मला नुसता वाचून दाखव, सूर आपोआप लागेल तेवढाच लागू दे. ड्रमवाल्याने काच ठोकून अंगठा दाखवला, तेव्हा गायकाला कळलं की मी रेकॉर्ड करत होतो. तोच टेक राहिला. तुमच्या गायकावर हा प्रयोग करून पाहा.

‘कच्चं मुद्दाम आहे का?’ या प्रश्नाचं उत्तर आता देता येईल. कच्चं हा शब्द मला पटत नाही. लष्करी तळावर घडलेल्या वादकांच्या मानाने ते कच्चं होतं, हे खरं. पण त्या वादकांना नक्कल करायची शिस्त होती आणि या भावांना नव्हती. त्यांना ‘रॉक असं वाजवायचं असतं’ हे सांगायला कुणी उरलंच नव्हतं, सरकारने ते सगळे घरी बसवले होते. इंग्रजी रेकॉर्ड त्यांनी ऐकल्या असणारच, त्या काळात सोलमध्ये चोरून छापलेल्या तबकड्यांचा सुळसुळाट होता. पण ऐकणं वेगळं आणि शिपायांसमोर हुबेहूब वाजवून पोट भरणं वेगळं. यांनी जे ऐकलं ते घरच्या अंदाजाने वाजवलं. अंदाज चुकला तिथे नवं काहीतरी झालं. अशी गोष्ट मुद्दाम करता येत नाही. तुम्ही आज बसून ‘चला कच्चं वाजवू’ म्हणालात तर ते नाटक होईल, आणि टेप असो की हार्ड डिस्क, नाटक पकडलं जातं.

शब्दांचीही तीच कथा. रेकॉर्ड काढायच्या आधी शब्द आणि चाल तपासणीला द्यावी लागे. 1976 पासून सादरीकरण-नीती समिती नावाची सरकारी चाळणी होती, आणि गाणी आधी तपासून घेण्याची ती सक्ती कोरियातून उठली थेट 1996 मध्ये. या अल्बममधली नऊ गाण्यांची नावं पाहा : सकाळ, उन्हाळा, गल्ली, एक चेहरा, आतषबाजी, दार, मुलगी. समितीने बोट ठेवावं असं एकही नाही. वरवर बालगीतं वाटावीत. पण त्या निष्पाप शब्दांखाली फझ करवादतंय, आणि फझचा अर्थ समितीच्या कागदावर लिहून येत नाही. तेव्हाच्या पोरांना तो बरोबर कळला. स्पर्धेत बाद झालेलं ते ‘दार उघड ना जरा’ दुसऱ्या बाजूला आहे. अख्ख्या अल्बममधलं सगळ्यात जड रिफ, म्हणजे गिटारची फिरून फिरून येणारी ओळ, तिथेच आहे. 1977 च्या सोलमध्ये, मध्यरात्री संचारबंदी लागणाऱ्या शहरात, तेवीस वर्षांचा पोरगा दार ठोठावतोय, एवढं डोळ्यांसमोर आणून ते ऐका.

तुम्ही गाण्यांच्या क्रमाबद्दलही विचारलंय. तबकडीला दोन बाजू असतात आणि बाजूच्या आतल्या कडेला आवाजाची धार कमी होते, कारण तिथे एका फेऱ्यात सुईला अंतर कमी मिळतं. म्हणून जुने लोक ठसक्याचं गाणं बाहेरच्या कडेला, म्हणजे बाजूच्या सुरुवातीला ठेवत आणि संथ गाणं आत. तुम्ही डिजिटल काढणार असाल तर ही अडचण नाही, पण दोन बाजूंची कल्पना ठेवा. ऐकणारा मध्येच एकदा उठतो, असं धरून क्रम लावला की अल्बमला श्वास येतो. सानुल्लिमने पुढे या बाजूंशी खेळच केला. दुसऱ्या अल्बमच्या पहिल्या गाण्यात गायक तोंड उघडायच्या आधी तीन मिनिटांहून जास्त नुसतं वाजतं. तिसऱ्या अल्बमची अख्खी दुसरी बाजू म्हणजे एकच गाणं, अठरा मिनिटांचं. रेडिओवाल्यांनी काय म्हटलं असेल ते असो. पहिल्या रेकॉर्डच्या यशाने कंपनीचं तोंड बंद केलं होतं, म्हणून हे जमलं.

सगळ्यांनी असंच करावं असं नाही. कोरियातच याच्या उलट टोकाचं उदाहरण आहे : देउलगुख्वा, म्हणजे रानशेवंती, या बँडचा 1985 चा पहिला अल्बम. तिकडच्या समीक्षकांनी 1998 आणि 2007 मध्ये सर्वोत्तम शंभर अल्बमच्या याद्या केल्या, दोन्हींत तो पहिला होता. ही मंडळी छोट्या नाट्यगृहांत प्रेक्षकांसमोर वाजवून तयार झाली. लिहिणारे एकाहून जास्त, बाहेरच्या मित्राचं गाणंही घेतलेलं, पियानो पुढे, आणि गायक चॉन इन-क्वॉनचा घसा फाडून येणारा आवाज. तेव्हा प्रत्येक रेकॉर्डवर एक ‘सुदृढ’ गाणं घालायची सक्ती असायची. बहुतेक जण कुठलं तरी सरकारी छापाचं गाणं शेवटी चिकटवून मोकळे व्हायचे. यांनी ‘आमची इच्छा’ हे देशाच्या एकीकरणाचं, शाळेत शिकवतात ते गाणं स्वतः गायलं. तो अल्बम ऐकणाऱ्यांसमोर भाजून निघालेला आहे, सानुल्लिमचा घरात मुरलेला. तुमच्यासारखा बँड, ज्याचे अजून मोजकेच कार्यक्रम झालेत, त्याला घरची वाट जवळची.

म्हणून आता थेट सांगतो काय करायचं. तुमच्याकडे आठ गाणी आहेत, त्यातली तीन अर्धवट. अर्धवट गाणी घेऊन स्टुडिओत येऊ नका. तिथे तासाचं मीटर पडत असतं आणि मीटरखाली लिहिलेली ओळ मीटरखालीच लिहिल्यासारखी लागते. वीसेक गाणी होईपर्यंत थांबा. वीसमधून नऊ निवडा. निवडताना चांगलं कुठलं हे विचारूच नका, चौघांना डोळे मिटून वाजवता येतं ते कुठलं, हे विचारा. तालमीच्या खोलीत मध्यभागी फोन ठेवून रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी ऐका. फोनवर गाणं उभं राहत नसेल तर ते माझ्याकडच्या माइकवरही राहणार नाही. बासवाल्याला आणि ड्रमवाल्याला बाकीच्यांशिवाय भेटायला लावा, आठवड्यातून एकदा तरी. हे सगळं झालं की स्टुडिओत सगळे एका खोलीत, क्लिकशिवाय (कानात मेट्रोनोमचा ठोका न घेता), गाण्याचे तीन टेक. तिसऱ्यात आलं नाही तर पुढचं गाणं घ्या, जेवून आल्यावर परत या. गायकाचा आवाज त्याच वेळी घ्या. नंतर वरून चढवलेला आवाज जास्त शहाणा होतो.

या भावांचं पुढे काय झालं तेही सांगतो, कारण घरच्या बँडला घरच्याच अडचणी येतात. 1979 मध्ये धाकटे दोघे सक्तीच्या लष्करी सेवेला गेले आणि थोरल्याने दुसरे वादक घेऊन गाडी चालू ठेवली. ते अल्बम वाईट नाहीत, पण पहिल्या तिघांतला तो एकत्र झुकणारा ठेका त्यांत नाही. पुढे तिघे पुन्हा जमले, मग धाकट्यांनी नोकऱ्या धरल्या. 1997 मध्ये तेरावा अल्बम आला, तो शेवटचा. जानेवारी 2008 मध्ये चांग-इक कॅनडात एका अपघातात गेला. थोरल्याने सानुल्लिम हे नाव तिथेच ठेवून दिलं. नंतरचा बँड किम चांग-वान बँड या नावाने आहे.

ऐकायचं कुठलं, तेवढं सांगून थांबतो. जालावर फिरणाऱ्या जुन्या प्रती वर-खाली पातळीच्या आहेत. काहींत फझ इतकं कर्कश की तो दोष बँडचा वाटावा. 2022 मध्ये चांग-वानने जपून ठेवलेल्या मूळ टेपवरून पहिले अल्बम नव्याने काढले. सोलच्या ह्वांग ब्यॉन्ग-जून यांनी टेप डिजिटलमध्ये उतरवल्या आणि अमेरिकेत बर्नी ग्रंडमन यांनी तबकडीची मूळ खाच कोरली. या क्षेत्रात याहून वरचे हात मिळणं अवघड. त्या प्रतीत बास आणि किक वेगळे ऐकू येतात, ऑर्गनच्या मागे खोली जाणवते. तीच मिळवा, चौघांनी एकत्र बसून दोन्ही बाजू ऐका, आणि मिक्सच्या दिवशी संदर्भासाठी माझ्याकडे तीच फाइल घेऊन या, यूट्यूबवरून उतरवलेली नको.